घंटेतला कोमल गंधार : चर्चच्या मनोऱ्यावर गाणी वाजतात ती कशी?

एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनचा तरुण डीजे अविची वारला. थोड्याच दिवसांत नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात, चौदाव्या शतकातल्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून त्याची गाणी घंटांवर वाजवली गेली. तो व्हिडिओ जगभर फिरला, आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेला. पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती ही, की वर स्पीकर लावला असणार. स्पीकर नव्हता. वर एक बाई बसली होती आणि हाताच्या मुठींनी लाकडी दांडे दाबत ती नाचाची गाणी कित्येक टन कांशावर वाजवत होती.

ॲमस्टरडॅम, आइंडहोवन, ब्रसेल्सच्या बाजूला नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी मंडळींना हा प्रकार रोजचाच. दर पाव तासाला कुठल्यातरी मनोऱ्यावरून सूर ओघळतात. पहिल्या आठवड्यात कौतुक वाटतं, पुढे सवय होते. पण हे नेमकं काय आहे, यात अवघड काय, आणि एवढा खटाटोप कशासाठी, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख. शक्य तिथे आपल्या संगीताच्या भाषेत सांगतो, कारण या विषयाची खरी गंमत आपल्याच स्वरनावांनी चटकन कळते.

आधी हे वाद्य आहे तरी काय

या वाद्याला कॅरिलॉन म्हणतात. किमान २३ घंटा, षड्जापासून पुढे शुद्ध-कोमल सगळे स्वर मिळतील अशा ओळीने लावलेल्या, आणि त्या सगळ्या एकाच कळपट्टीवरून एकट्या माणसाला वाजवता येतील अशी सोय, एवढं जमलं की त्याला कॅरिलॉन म्हणायचं. घंटा २३ पेक्षा कमी असतील तर त्या नुसत्या सुरेल घंटा, कॅरिलॉन नव्हे. मोठ्या वाद्यांत ४७, ४९, ५० अशा घंटा असतात. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ७४ आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी एकटीच १८ टनांहून जड आहे.

उट्रेख्टच्या डोम टॉवरवर ५० आहेत. हा मनोरा ११२ मीटर उंच. १३२१ मध्ये काम सुरू झालं, १३८२ मध्ये संपलं. गंमत अशी की तो आज चर्चला चिकटलेला नाही. १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात चर्चचा मधला लांब सभामंडप कोसळला. तो पुन्हा बांधलाच नाही. त्यामुळे इकडे मनोरा, तिकडे उरलेलं चर्च आणि मध्ये मोकळा चौक, अशी विचित्र रचना झाली आहे. अलीकडे, २०१९ ते २०२४, या मनोऱ्याची मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा तो वर्षानुवर्षं परांचीत गुंडाळलेला होता.

एकाच मनोऱ्यात घंटांचे दोन संच असू शकतात आणि इथे ते आहेत. एक झुलणाऱ्या घंटांचा : दोर ओढला की अख्खी घंटा हेलकावते. उट्रेख्टला हे काम हौशी स्वयंसेवक करतात. या संचातली सर्वांत मोठी घंटा आठ टनांच्या वर भरते आणि ती १५०५ सालची आहे. दुसरा संच कॅरिलॉनचा. त्यात घंटा तुळयांना पक्क्या जखडलेल्या असतात, तसूभर हलत नाहीत. हलतो तो फक्त आतला लोलक.

वाजवतात कसं

घंटांच्या खाली किंवा त्यांच्या मधोमध एक छोटी खोली असते. तिथे बाक, समोर लाकडी दांड्यांच्या दोन ओळी, आणि पायाशी पट्ट्या. दांड्यांची मांडणी पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखीच, पण बोटांनी दाबायचे नाहीत. सैलसर मूठ वळायची आणि करंगळीच्या बाजूने दांडा खाली ढकलायचा. दांड्यापासून वर तार जाते, ती लोलकाला ओढते, लोलक घंटेच्या ओठावर आपटतो. मोठ्या घंटांचे लोलक फार जड, म्हणून त्या पायाने वाजवतात.

मध्ये वीज नाही, मोटार नाही. हात जोरात पडला तर घंटा जोरात, हलका पडला तर हलकी. म्हणून हे हातोड्यांचं यंत्र न राहता वाद्य ठरतं. आघाताचा वजनदारपणा वादकाच्या हातात राहतो. एकाच सुरावर भरभर आघात करून तो सूर लांबवण्याचं तंत्र बेल्जियममधल्या मेखेलन शहराच्या येफ डेनेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असं काही रंगवलं, की लोक केवळ ते ऐकायला रात्री चौकात जमू लागले. १८९२ पासून मेखेलनला सोमवारी संध्याकाळच्या मैफली होऊ लागल्या आणि १९२२ मध्ये तिथेच कॅरिलॉन शिकवणारी शाळा निघाली. जगातली या विषयाची ती पहिली शाळा. रॉकफेलरसारख्या अमेरिकी धनिकांनी तिला हातभार लावला होता.

रियाज मात्र मनोऱ्यावर करता येत नाही. अख्खं शहर ऐकतं! त्यासाठी खाली एका खोलीत तशीच कळपट्टी असते, पण तारांनी हलणारे हातोडे घंटांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर आपटतात. चुका तिथे करून घ्यायच्या.

मग दर पाव तासाला कोण वाजवतं? त्यासाठी माणूस नसतो. घड्याळाला जोडलेला एक प्रचंड धातूचा पिंप असतो, त्याला हजारो भोकं. भोकांत खुंट्या बसवायच्या. पिंप फिरला की खुंट्या तरफा उचलतात आणि घंटेवर बाहेरून हातोडे पडतात. धून बदलायची तर खुंट्या एकेक करून काढून नव्या जागी बसवायच्या. जुन्या मनोऱ्यांत हा उद्योग आजही वर्षातून काही वेळा चालतो. म्हणजे पाव तासाला ऐकू येतं ते यंत्र, आणि शनिवारच्या मैफलीत ऐकू येतो तो माणूस. नवख्याला हा फरक सांगितला नाही तर तो यंत्र ऐकून 'काय रूक्ष आहे' म्हणतो आणि निघून जातो.

एक घंटा म्हणजे एक स्वर नव्हे

आता खऱ्या गुंत्याकडे येऊ.

तंबोरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे गाणं ऐकणाऱ्या कोणालाही माहीत असतं. तार एकच स्वर देत नाही, स्वरांचा एक पदर देते. घंटेचंही तसंच, पण दोन फरक आहेत. तारेतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशोबात असतात, म्हणून ते आपोआप जुळतात आणि त्यातला गंधार शुद्ध असतो. घंटेला असा सरळ हिशोब नाही. ती जाड-पातळ, वाकडी-तिकडी वस्तू. ओठापाशी जाड, कमरेला पातळ, माथ्याला पुन्हा वेगळी. तिचा प्रत्येक भाग आपापल्या लहरीने थरथरतो. ओतून नुसती टांगली, तर आतले स्वर एकमेकांशी भांडत राहतात.

चांगल्या लावलेल्या घंटेत पाच स्वर मुद्दाम जुळवलेले असतात : खाली मंद्र सा, मग सा, मग कोमल ग, मग प, आणि वर तार सा. हो, कोमल ग. युरोपीय घंटेचा जो पारंपरिक आकार ठरला त्यात गंधार कोमलच येतो. लोक घंटेच्या आवाजाला उदास म्हणतात त्याचं बरंचसं श्रेय या एका स्वराला द्यायला हरकत नाही.

आणखी एक चमत्कार आहे. घंटेवर टोला पडताक्षणी आपल्याला जो 'मुख्य सूर' ऐकू येतो, तो ठरवण्याचं काम कान स्वतःच करतो. वरच्या तीन ठळक कंपनांचं आपसातलं प्रमाण २:३:४ च्या जवळ असतं. कान त्यावरून खालचा '१' काढतो आणि तोच सूर धरून बसतो. अगदी त्या जागी कंपन नसलं तरी! घंटा लावणाऱ्याला म्हणून धातूइतकाच ऐकणाऱ्याचा कान सांभाळावा लागतो.

आता पन्नास घंटा एकत्र वाजवा. सा ची घंटा वाजली की तिच्या पोटातला कोमल ग घुमू लागला. त्यावर तुम्ही शुद्ध ग ची घंटा वाजवलीत. दोन गंधार शेजारी-शेजारी, अर्ध्या स्वराच्या अंतराने, एकमेकांवर घासतात. आणि घंटा थांबवता येत नाही. पियानोसारखा सूर दाबून टाकायची सोय कॅरिलॉनमध्ये नसते. जे वाजलं ते विझेपर्यंत हवेत राहणार. म्हणून एरवी गोड वाटणारी आनंदी धून मनोऱ्यावर कधीकधी कचकच करते, आणि कोमल स्वरांची संथ धून सुंदर लागते. कसलेला वादक मूळ रचना जशीच्या तशी वाजवतच नाही. खालचे सूर गाळतो, मधे जागा सोडतो, गंधार जरा उशिरा आणतो. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये डच ओतशाळा आणि आइंडहोवनचं तांत्रिक विद्यापीठ यांनी मिळून शुद्ध गंधाराची घंटा तयार केली. संगणकाने आकार काढला, अंगाला फुगवटा असलेली घंटा निघाली. आनंदी धुना तिच्यावर छान लागतात. पण जुन्या मनोऱ्यांनी ती फारशी उचलली नाही, आणि माझ्या मते बरंच झालं. कोमल गंधार काढून घेतला तर घंटेची घंटा राहत नाही.

अंध वादक आणि दोन ओतारी

हे सगळं आज आपण आकड्यांत मोजतो. पण पहिल्यांदा ज्याला ते स्वच्छ कळलं तो माणूस जन्मांध होता. याकोब फान आइक. १६२५ पासून उट्रेख्टच्या डोमचा घंटावादक. त्याच्याबद्दलचा एक उल्लेख तत्त्वज्ञ देकार्तच्या १६३८ च्या पत्रात आहे : उट्रेख्टमधला हा अंध माणूस मोठ्या घंटेला हात न लावता, तिच्या काठाशी नुसतं तोंड नेऊन, तिच्यातून पाच-सहा वेगवेगळे स्वर काढतो. म्हणजे तो घंटेजवळ शीळ घालत असे. ज्या स्वराची शीळ घंटेच्या एखाद्या आतल्या स्वराशी जुळे, तेवढाच स्वर घंटा परत देई. घंटेच्या पोटात काय काय दडलंय याची यादी त्याने अशी शिळेने केली, आणि घंटेचा आकार बदलला तर कुठला स्वर सरकतो हेही ताडलं.

तो बासरीवादकही होता. संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना बासरी ऐकवावी, या अटीवर १६४९ मध्ये त्याचा पगार वीस गिल्डरने वाढवला गेला. पगारवाढीच्या इतक्या चांगल्या अटी हल्ली कोणी घालत नाही.

ज्ञान त्याच्याकडे होतं, हात हवे होते. ते मिळाले हेमोनी बंधूंच्या रूपाने. फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी, लॉरेन प्रांतातून आलेले फिरस्ते ओतारी. त्यांनी १६४४ मध्ये झुटफेन गावासाठी फान आइकच्या सल्ल्याने जो संच केला, तो नीट सुरात लागलेला पहिला कॅरिलॉन मानतात. पुढे ॲमस्टरडॅमच्या जुन्या चर्चपासून अनेक मनोऱ्यांवर त्यांच्या घंटा चढल्या. उट्रेख्टच्या डोमवरचा संच १६६४ चा. त्याआधी सातच वर्षं, १६५७ मध्ये, फान आइक वारला होता. आपल्याच मनोऱ्यावर त्याला त्या कधी वाजवता आल्या नाहीत.

सुरात लावायची म्हणजे काय करायचं

साचा चिकणमाती, घोड्याची लीद आणि बकऱ्याचे केस कालवून करायचा. त्यात सुमारे चार भाग तांबं आणि एक भाग कथील असं कांसं वितळवून ओतायचं. थंड झालं की साचा फोडायचा. इथवरचं काम आपल्याकडच्या कुठल्याही ओताऱ्याला नवं वाटणार नाही. कथील कमी पडलं तर आवाज बोदा, जास्त झालं तर घंटा तडकते.

पुढचं काम वेगळं. घंटा उलटी करून लेथवर बसवतात, तोंड वर, आणि आतल्या बाजूने धातू कातत जातात. धातू पातळ झाला की स्वर उतरतो, पण कुठे पातळ केला यावर कुठला स्वर किती उतरणार ते अवलंबून. ओठापाशी कातलं की एक, जरा वर कातलं की दुसरा. एक सांभाळताना दुसरा हलतो. आणि काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. एका फेऱ्यात जास्त गेलं की घंटा पुन्हा भट्टीत. म्हणून मुळात घंटा थोडी जाड, म्हणजे थोडी चढ्या सुराची ओततात आणि उतरवत उतरवत आणतात.

वजनाचा हिशोबही मजेशीर आहे. आकार तोच ठेवून एक सप्तक वर जायचं तर घंटेचा व्यास निम्मा होतो आणि वजन आठवा हिस्सा. आठ टनांची घंटा, एका सप्तकावर एक टनाची, आणखी एका सप्तकावर सव्वाशे किलोची. तिसऱ्या सप्तकावर हिशोबाने १६ किलो आणि त्याच्याही वर गेलं तर दोन किलो येतील. इतकी बारकी घंटा मनोऱ्यावरून खाली ऐकू येणार नाही, म्हणून वरच्या घंटा मुद्दाम जाड आणि हिशोबापेक्षा जड करतात.

हेमोनी गेले आणि ही विद्या त्यांच्यामागे हळूहळू लोपली. पुढची दोनशे वर्षं घंटा ओतल्या गेल्या, पण तशा सुरात लागल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सिम्सन नावाच्या एका पाद्र्याने घंटेतले पाच स्वर पुन्हा मोजून मांडले. १८९६ च्या सुमारास लफबरो गावच्या टेलर या ओतशाळेने त्याप्रमाणे घंटा लावायला सुरुवात केली. टेलरचं नाव लक्षात ठेवा, ते मुंबईत पुन्हा येणार आहे.

पण हे चर्चचं, म्हणजे धार्मिक वाद्य ना?

ही शंका स्वाभाविक आहे, पण उत्तर बहुतांशी 'नाही' असं आहे. मनोरा चर्चचा निवडला कारण गावात तेवढी उंच जागा दुसरी नव्हती. वादकाचा पगार मात्र शहर देतं आणि कार्यक्रमही शहराचा. नेदरलँड्समध्ये १७९८ च्या राज्यघटनेने चर्चचे मनोरेच नगरपालिकांच्या ताब्यात दिले. त्यामुळे कित्येक ठिकाणी खालचं चर्च एका मंडळाचं आणि वरचा मनोरा पालिकेचा, अशी वाटणी आजही आहे. उट्रेख्टचा डोम टॉवर शहराचाच. डीजेची गाणी तिथे वाजू शकतात ती यामुळे. युनेस्कोने २०१४ मध्ये बेल्जियमची कॅरिलॉन परंपरा नावाजली, तीही जिवंत वारसा नीट जपण्याचा नमुना म्हणून.

सत्तेला मात्र घंटा नेहमीच धातू म्हणून दिसतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्याप्त युरोपातून लाखावर घंटा उतरवून वितळवायला नेल्या. त्यांनी त्यांची वर्गवारी केली होती : नव्या घंटा आधी, ऐतिहासिक शेवटी. सतराव्या शतकातल्या बऱ्याच घंटा जगल्या त्या या यादीत तळाला असल्यामुळे.

रेकॉर्ड लावली तर काय बिघडेल?

खर्च वाचेल, हे खरं. पन्नास घंटा, तारा, तुळया, झिजलेले लोलक, सगळ्याला पैसा लागतो. शहरी धुरातल्या आम्लाने लहान घंटा खरवडल्या जातात आणि त्यांचा सूर बदलतो, म्हणून त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. पण स्पीकरचा आवाज एका बिंदूतून येतो, घंटांचा अख्ख्या मनोऱ्यातून. तो भिंतींवर आपटतो, वाऱ्याने वाकतो, गल्लीगल्लीत निराळा होतो. शिवाय जिवंत वादक असेल तर कोणी गेल्याची बातमी सकाळी येते आणि त्याची धून लवकरच वर वाजते. पटणार नाही त्याने एकदा दोन्ही ऐकून पाहावं. मी वाद घालणार नाही.

त्रासाची तक्रार मात्र रास्त आहे. मनोऱ्याच्या सावलीत राहणाऱ्याला दर पंधरा मिनिटांनी धून नको असेल तर तो रसिक नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. म्हणूनच अनेक शहरांत रात्री पिंपाचं वादन बंद ठेवतात, हातोड्यांचा जोर कमी करतात, मनोऱ्याच्या खिडक्यांना झडपा लावून आवाज वरच्या वर पसरवतात. भांडणं तरीही होतात.

आपल्याकडे आहे का असं काही?

या व्याख्येत बसणारं असं माझ्या माहितीत मुंबई-पुण्यात काही नाही. जवळचे नातलग मात्र आहेत. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने त्याला पैसा दिला. ब्रिटिश काळात त्याच्याकडे १६ धुना होत्या आणि त्या दिवसातून चार वेळा बदलत. ते काम घड्याळाचं, वादकाचं नव्हे.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आठ मोठ्या घंटा आहेत, १९०४ मध्ये इंग्लंडहून आलेल्या. ओतणारे टेलर! हरवलेली विद्या परत मिळाल्यावर आठच वर्षांत तिथल्या घंटा कुलाब्याला पोचल्या. पुण्यात गुरुवार पेठेत, टिळक-रानड्यांच्या चहाने ज्या पंचहौद मिशनचं नाव गाजलं, तिथल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यातही आठ घंटांचा संच आहे. पण दोन्ही संच इंग्रजी पद्धतीचे, झुलणारे. एका घंटेला एक माणूस, हातात दोर. या पद्धतीत धून वाजवत नाहीत. आठ घंटांचा क्रम दर फेरीत ठरावीक नियमाने बदलत नेतात, म्हणजे संगीत कमी आणि गणित जास्त. आठ घंटांचे एकूण क्रम ४०,३२० होतात. ते सगळे वाजवायचे म्हटलं तर अर्धा दिवस सहज उलटून जाईल.

आणि वसईच्या घंटा आहेतच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देवळांकडे आल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आजही दिसते. या एकट्या घंटा. त्यांना दुसऱ्या घंटेशी जुळायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या आतल्या स्वरांची फिकीर कोणी केली नाही. आपल्या देवळातल्या घंटेचंही तेच. पुढच्या वेळी टोला दिलात की लगेच निघू नका. पहिला ठणका ओसरू द्या, खालचा मंद्र स्वर घुमू लागला की त्याच्या वर गंधार शोधा, आणि तो कोमल आहे की कुठल्याच सप्तकात न बसणारा ते बघा.

उट्रेख्टला गेलात तर

शनिवारी सकाळी, बाजाराच्या वेळेला, शहराचा वादक वर असतो. अगदी मनोऱ्याच्या पायाशी उभे राहू नका. तिथे मोठ्या घंटांचा गोंगाट जास्त आणि बारीक घंटांचे आवाज डोक्यावरून निघून जातात. शंभर-दोनशे पावलं लांब, रहदारी नसलेल्या गल्लीत किंवा चर्चला लागून असलेल्या बंदिस्त बागेत बसावं. सूर अंधुक लागला तर वाऱ्याच्या दिशेने चालत जाऊन दुसरी जागा पाहावी. गावातली जुनी माणसं हेच करतात.